ज्या फाटकावर फांदी टांगलेली असेल

ऑस्ट्रियात शेतकऱ्याच्या अंगणात बसून वाईन पिता येते. पाहुणा म्हणून नाही, चक्क पैसे देऊन, लाकडी बाकावर चार अनोळखी माणसांच्या शेजारी बसून, आणि ती वाईन त्याच शेतकऱ्याच्या मळ्यातली असते. फाटकावर काठीला पाइनच्या फांद्यांची जुडी टांगलेली दिसली की समजायचं आज चालू आहे, जुडी उतरवलेली असली की बेल वाजवायच्या भानगडीत पडायचं नाही, माणसं मळ्यात असणार. व्हिएन्नाकडे ह्याला हॉयरिगर म्हणतात, दक्षिणेला स्टायरियात बुशनशांक. माझी मामेबहीण तिकडे नोकरीला आहे म्हणून जाणं झालं, आणि मुंबईत परत आल्यापासून माझ्या डोक्यात वाईनपेक्षा त्या इमारतीच जास्त घोळतायत, म्हणून हे सगळं एकदा लिहून काढते. जरा लांबेल.

आधी कायदा, कारण सगळं तिथूनच सुरू होतं. सम्राट दुसरा जोसेफ ह्याने १७ ऑगस्ट १७८४ ला एक फर्मान काढलं की कुणालाही स्वतः पिकवलेले, स्वतः बनवलेले खाण्याचे पदार्थ, वाईन आणि फळांची दारू वर्षात कधीही, हव्या त्या भावाने विकता येईल. ह्याच्यामागे एक तक्रार होती. आज इटली आणि स्लोव्हेनियाच्या सीमेवर गोरित्सिया म्हणून भाग आहे, तिथला एक सरदार आपल्या कुळांवर सक्ती करायचा की गुत्त्यात विकायची तर फक्त माझी वाईन, तुमची नाही. कुळं वैतागली आणि तक्रार थेट वरपर्यंत गेली. कोकणातल्या माणसाला खोत आणि कुळं हे प्रकरण वेगळं समजावून सांगायला नको, मला तर ते वाचताना सगळी माणसं ओळखीची वाटली. आणि हे फर्मान काढून बादशहाने कुणाला अनुदान दिलं नाही, योजना जाहीर केली नाही, फक्त मधला माणूस बाजूला केला, तुझ्या अंगणात तू पिकवलेलं तू विक, संपला विषय.

पुढे नियम घट्ट होत गेले. वाईन स्वतःचीच हवी, उघडं ठेवायचे काळ ठरलेले, स्टायरियात तर अजूनही बुशनशांकमध्ये गरम जेवण मिळत नाही, सगळं थंड खायचं. म्हणजे काळा राय ब्रेड, चीज, मुळा, काकडीचं लोणचं, लिप्टाउअर नावाचं लाल तिखटासारख्या पाप्रिकाने रंगवलेलं मऊ चीज, खाणाऱ्यांसाठी डुकराचं मांस. सगळं एका लाकडी पाटावर येतं. यंदाची नवीन वाईन पुढच्या वर्षीच्या ११ नोव्हेंबरपर्यंत, म्हणजे सेंट मार्टिनच्या दिवसापर्यंत नवीन, त्यानंतर ती जुनी. पंचांगच आहे त्यांचं ते.

व्हिएन्ना शहराच्या हद्दीत, गावाबाहेर नाही हां, हद्दीत, साधारण ६०० ते ७०० हेक्टर द्राक्षमळे आहेत. ३१ नंबरच्या ट्रामने शेवटपर्यंत गेलं की स्टामर्सडॉर्फ, डी ट्रामने नुसडॉर्फ, उतरून थोडं चाललं की चढावर वेली सुरू. आरेच्या झाडांवरून मुंबईत काय काय झालं ते डोळ्यांनी बघितलेल्या माणसाला हे बघून आत कुठेतरी ढवळून निघतं, माझं तरी निघालं. तिथल्या मळ्यांत एक जुनी पद्धत आहे, गेमिश्टर सात्झ, म्हणजे एकाच मळ्यात वेगवेगळ्या जातींच्या वेली मिसळून लावायच्या, एकत्रच खुडायच्या आणि एकत्रच आंबवायच्या. कारण साधं, एखादी जात थंडीने किंवा मोहोर गळून गेली तर दुसरी हाताशी राहते, आपल्याकडे बाजरीत तूर टाकतात त्यातलीच गोष्ट. २०१३ पासून व्हिएन्नाच्या ह्या वाईनच्या नावाला कायद्याचं संरक्षण आहे. हे सगळं छान आहेच, पण मला जे सांगायचंय ते शहरातलं नाही.

ते आहे दक्षिण बुर्गेनलांडमधलं. हंगेरीला लागून असलेला हा पट्टा १९२१ पर्यंत हंगेरीतच होता. तिथे हायलिगेनब्रुन नावाचं छोटं गाव आहे आणि गावाजवळच्या उतारावर शंभराहून जास्त जुनी छोटी घरं उभी आहेत, त्यांना केलरश्टोकल म्हणतात. राहायचं घर गावात, मळा चढावर, आणि पूर्वी सगळी ये-जा पायी नाहीतर बैलगाडीने, मग रोज हत्यारं कोण नेणार आणणार, म्हणून मळ्यातच एक बांधकाम करून ठेवायचं ज्यात सगळं होईल. भिंत म्हणजे लाकडाचे जाड ओंडके एकावर एक रचलेले, त्यावर माती आणि पेंढा कालवून लिंपण, वरून चुन्याचा हात. छप्पर राय धान्याच्या काडाचं, इतकं खाली उतरलेलं की दारात वाकूनच शिरावं लागतं.

आम्ही ज्या केलरश्टोकलमध्ये गेलो तिथली बाई साठीच्या पुढची असेल, तिने आधी आम्हाला बसवलं नाही, आत नेऊन दाखवलं. एका कोपऱ्यात लिंपणाचा पोपडा पडला होता आणि आतला पेंढा दिसत होता, तो तिने नखाने उकरून दाखवला की हे बघा, हे माझ्या सासऱ्यांच्या हातचं. मधोमध द्राक्षं पिळायचा घाणा, त्याची तुळई म्हणजे अख्ख्या झाडाचं खोड, एका टोकाला लाकडी स्क्रू आणि त्याखाली दगडाचं वजन. दोन माणसं तो स्क्रू फिरवणार, तुळई हळूहळू खाली येणार आणि रस खालच्या लाकडी टबात. तुळईवर ठिकठिकाणी सुरीने वर्षं कोरलेली होती, काही वाचता येत होती, काही लाकूड झिजल्यामुळे नाही. बाजूला पिंपं. भिंतीला खुरपी, कोयते, वेली बांधायच्या वाळवलेल्या काड्यांच्या जुड्या. वर माळ्यावर सफरचंदं एकमेकांना लागू न देता पसरून ठेवलेली, अक्रोड, आणि एक अरुंद खाट, कारण खुडणीच्या दिवसांत रात्री राखणीला कुणीतरी तिथेच झोपायचं. म्हणजे कारखाना, कोठार, अवजारांची खोली, राखणदाराची झोपडी, आणि सीझनमध्ये दारात दोन बाकं टाकली की गुत्ता. हे सगळं बहुतेक आपल्या स्वयंपाकघराएवढ्या जागेत, मुंबईतल्या म्हणते मी.

तिथली वाईन पण वेगळी, उहुडलर. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून फिलॉक्सेरा नावाची कीड युरोपात आली आणि तिने मळेच्या मळे मुळापासून खाल्ले, मग अमेरिकेतल्याच वेली आणून लावल्या कारण त्यांना ती कीड मारू शकत नाही. बाकी सगळीकडे त्या मुळांवर युरोपियन वेलींची कलमं केली, इकडे मात्र काही अमेरिकन वेली तशाच राहिल्या आणि त्यांच्या द्राक्षांची उहुडलर झाली. वास रानटी स्ट्रॉबेरीचा, पहिल्या घोटाला जरा विचित्रच वाटतं. त्या वेलींतली एक इसाबेला, आणि आपल्या बाजारात ती काळी, बिया असलेली, जाड सालीची बंगलोर ब्लू द्राक्षं येतात ना, ती त्याच कुळातली. मी ग्लास नाकाला लावला आणि मला दादरच्या भाजी मार्केटचा वास आला, हे मी त्या बाईंना मामेबहिणीकडून जर्मनमध्ये सांगायला लावलं, त्या खूश झाल्या. ही वाईन विकायला बरीच वर्षं बंदी होती, घरच्यापुरती करा म्हणायचे, मग १९९२ ला परत परवानगी मिळाली ती पण काही ठरावीक गावांनाच. त्या मधल्या वर्षांत लोकांनी वेली उपटल्या नाहीत, म्हणून आज ती आहे.

उत्तरेला वाइनफियर्टेल भागात ह्याचंच दुसरं रूप आहे, केलरगासं. तिथली जमीन लोएसची, म्हणजे वाऱ्याने आणून साठवलेली पिवळी माती, खणायला सोपी आणि खणली तरी ढासळत नाही. पुढे पांढरी बुटकी घाणाघरं ओळीने, आणि प्रत्येकाच्या मागे टेकडीत शिरलेलं लांब तळघर, ज्यात उन्हाळा हिवाळा दहाबारा डिग्रीच राहतं. पूर्ण गल्लीच्या गल्ली अशी, आणि घरांना धुराडी नाहीत कारण तिथे कुणी राहत नाही. ईस्टरच्या सोमवारी मालक आपल्याकडे काम केलेल्या माणसांना कुटुंबासकट तिथे बोलावून खाऊपिऊ घालायचा अशी रीत आहे, मजुरांचा मान. मला ही रीत फार आवडली.

इटलीत ट्रिएस्ट शहराच्या वर कार्स्टच्या पठारावर अशाच जागांना ओस्मित्सा म्हणतात. जुन्या नियमाने आठच दिवस विकायची मुभा, आता जास्त मिळते, पण पद्धत तीच, रस्त्याच्या वळणावर आयव्हीची जुडी आणि लाल बाण लावलेला असतो, बाण बघत बघत जायचं, शेवटी कुणाच्यातरी अंगणात पोचतो आपण, तिथे टेरान वाईन, घरचं हॅम, उकडलेली अंडी. जर्मनीत श्ट्राउसविर्टशाफ्ट, तिथे वर्षातून जास्तीत जास्त चार महिने, तेही दोनच टप्प्यांत, आणि ४० पेक्षा जास्त खुर्च्या नाहीत, ह्या मर्यादेत राहिलं तर हॉटेलचं लायसन्सच लागत नाही. कित्येकांनी गोठा धुवून पुसून तिथेच टेबलं मांडली.

आता माझा मुद्दा. ह्या सगळ्या इमारती टिकल्या त्या कुणी हेरिटेजचा बोर्ड लावला म्हणून नाही, बोर्ड नंतर आला. त्या टिकल्या कारण दरवर्षी काही आठवडे त्यातून रोख पैसा हातात येत होता, आणि तेवढेच आठवडे येत होता. ही दुसरी बाजू पहिल्यापेक्षा महत्त्वाची आहे असं मला वाटतं. चार महिन्यांच्या वर उघडं ठेवताच येत नाही म्हटल्यावर कुणी घाणा काढून तिथे बार काउंटर करत नाही, कारण उरलेले आठ महिने त्याला घाणा, पिंपं, माळा हे सगळं लागणारच असतं. फक्त स्वतःचंच विकायचं म्हटल्यावर मळा सोडून चालत नाही. चाळीसच खुर्च्या म्हटल्यावर बाजूची जमीन पार्किंगला जात नाही. म्हणजे कायद्याने हात आखडता घेतला तोच शेतकऱ्याच्या कामी आला, तो शेतकरी राहिला आणि हॉटेलवाला झाला नाही. उलटं उदाहरण व्हिएन्नातच आहे, ग्रिन्झिंगमध्ये, जिथे बसभरून टूरिस्ट येतात, तिथल्या बऱ्याच जागा पूर्ण लायसन्स काढून रेस्टॉरंट झाल्यात, बारा महिने चालू, गरम जेवण, वाजंत्री. वाईट नाही, पोटापाण्याचा प्रश्न आहे, पण तिथे बसल्यावर हे कुणाच्या मळ्याचं घर आहे असं काही वाटत नाही.

आणि हे सगळं तिथे उभी राहून ऐकताना मला आमचा मांगर दिसत होता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, सिंधुदुर्गात राहत्या घरापासून लांब, शेतात नाहीतर बागेत जे बांधकाम असतं तो मांगर. आमचा कुडाळजवळ आहे, अर्धा चिऱ्याचा आणि अर्धा कुडाचा, म्हणजे काठ्या विणून त्यावर माती लिंपलेली. एका बाजूला गुरं, मध्ये पेंढा, नांगर, जू, इरली, कोपऱ्यात तीन दगडांची चूल. वर माळ्यावर काजूच्या बिया, वाळवलेली सोलं. मे महिन्यात खाली पेंढ्यात आंब्याची आढी, आणि ते आंबे राखायला आजोबा तिथेच झोपायचे. आम्ही चाकरमान्यांची पोरं मुंबईहून गेलो की दिवसभर त्या आढीतच हात घालून बसलेलो असायचो. हायलिगेनब्रुनच्या त्या बाईंनी नखाने पेंढा उकरला तेव्हा मी तिथे बोललेच, म्हटलं आमच्याकडे पण असंच लिंपतात, फक्त आम्ही त्यात शेण घालतो. त्यांनी ते लगेच विचारून घेतलं, शेणाने काय होतं, तडे कमी जातात का. पुढची पंधरावीस मिनिटं आम्ही दोघी लिंपणावरच बोलत होतो आणि मामेबहीण बिचारी मध्ये बसून भाषांतर करत होती.

आज सिंधुदुर्गात मांगर पडतायत. बैल गेले, ट्रॅक्टर आला, गुरं कमी झाली, पेंढा कुणाला नको, पोरं मुंबईला. जे उभे आहेत ते पाडून तिथे स्लॅबचे होमस्टे होतात, एसी खोल्या, पुढे प्लास्टिकची हिरवळ. कर्जत अलिबागला तर फार्महाऊस ह्या शब्दात शेत उरलेलंच नाही, स्विमिंग पूल आहे. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० ला आलं, चांगलंच झालं ते, पण सगळा विचार राहण्याच्या खोल्या, जेवण, सहली ह्या बाजूने. माझं म्हणणं आहे की राहायला ठेवूच नका, संध्याकाळी परत जाऊ द्या माणसांना, आणि फक्त सीझनपुरतं, फक्त स्वतःच्या बागेतलं.

आपल्याला हे नवीन आहे असंही नाही. देशावर हुरडा पार्ट्या होतातच की, डिसेंबर ते फेब्रुवारी, ज्वारीची कोवळी कणसं शेतातच आगटीत भाजायची, हातावर मळायची, सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ, आणि दाणा कडक झाला की संपलं, पैसे दिले तरी हुरडा मिळत नाही. हॉयरिगरच आहे तो, फक्त कोरडा. आणि दारूचंच म्हणाल तर गोव्यात हुर्राक बघा, मार्च ते मे, काजूच्या बोंडूंचा रस आंबवून पहिल्या धारेची, भट्टीवरच जाऊन प्यायची, कारण ती टिकत नाही. तिथून थोडं इकडे आलं की दोडामार्ग, सावंतवाडी, तीच काजूची झाडं, तेच बोंडू, आणि ते झाडाखाली कुजतात, बी तेवढी काढून घेतात. बोंडूचा सडलेला गोड वास एप्रिलमध्ये सगळ्या बागेत भरलेला असतो, मला तो लहानपणापासून आवडतो आणि आता त्याचा त्रासही होतो.

महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, त्यामुळे शेतकऱ्याने अंगणात स्वतःची वाईन विकायची हे आजच्या घडीला स्वप्नच. २००१ च्या द्राक्ष धोरणाने नाशिकला वायनरी आल्या, मोठ्या झाल्या, तिथल्या टेस्टिंग रूम मुंबईकरांनी वीकेंडला भरलेल्या असतात, पण तिथे द्राक्ष घालणारा शेतकरी बहुतेक वेळा गेटवर ट्रॅक्टर लावून काटा करून परत जातो. जानेवारी २०२२ ला मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाईन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं आणि केवढा गदारोळ झाला, दोन्ही बाजूंनी शेतकऱ्याचंच नाव घेतलं. त्या सगळ्या भांडणात हजार स्क्वेअर फुटांच्या दुकानातल्या कपाटाबद्दल बोलणं झालं, शेतकऱ्याच्या अंगणाबद्दल एक वाक्य कुणी काढलं नाही. मला तेव्हाही ते खटकलं होतं आणि आता तर जास्तच खटकतं. व्यसनाची भीती खरी आहे, ज्या घरात माणूस दारूने गेला त्या घरातल्या बाईला कुणी हेरिटेज शिकवू नये, हे मी मनापासून म्हणते. म्हणून तर मर्यादा. ठरावीक आठवडे, ठरावीक खुर्च्या, फक्त स्वतःचं, आणि बनवणारा माणूस समोर उभा.

पण आमच्या मांगराला दारूची गरज पण नाही. आढीतला आंबा, रतांब्याचं सरबत, फणसाचे गरे, काकी घावणे आणि नारळाचा रस करेल, सगळं स्वतःच्या बागेतलं, आंबा उतरतो तेवढेच दिवस, वीसेक माणसांना पुरेल एवढं. खाण्यापिण्याची साधी सरकारी नोंदणी लागेल, ती करू. फाटकावर आंब्याचा टाळ, म्हणजे डहाळी, बांधला की चालू, काढला की बंद.

काकांशी गणपतीत बोलले. पहिलं वाक्य होतं, "गो, हय कोण येतलो?" मी म्हटलं हायवेवरून गोव्याला जाणारी अर्धी मुंबई येईल, तर म्हणाले, "मगे गाडयो खंय लावतले?" आणि मग स्वतःच बराच वेळ विचार करून, "शेतात गाडी घालूक मी देवचंय नाय, आधीच सांगतंय." मी म्हटलं काका, तीच अट मला पण हवी आहे, रस्त्यावर लावतील आणि चालत येतील, ओस्मित्साला पण चालतच जातात. त्यांना ओस्मित्सा काय ते सांगावं लागलं, सांगितलं, आठ दिवसांचा नियम त्यांना एकदम पटला, म्हणाले आठ दिवस कोणीही सोसेल. काकीने त्याच्यावर विचारलं की भांडी कोण घासणार, आणि तो प्रश्न सगळ्यात खरा आहे, शेजारच्या वाडीतल्या दोघीजणी मजुरीवर यायला तयार आहेत, मजुरी त्यांनीच ठरवायची असं बोलणं झालंय.

सुताराने येऊन बघितलं, पूर्वेकडचे वासे बदलायला लागतील, रिपा बहुतेक सगळ्याच, नळे, म्हणजे छपराची जुनी कौलं, परतून वापरता येतील तेवढे वापरायचे आणि बाकीचे पडलेल्या मांगरांवरून गोळा करायचे, नवीन पत्रा नको हे मी दहा वेळा सांगितलंय. कुडाची भिंत करणारा माणूस आता पंचक्रोशीत एकच उरलाय, तो म्हणतो पावसाळ्यानंतर माती चांगली मिळते, घाई करू नका. म्हणजे यंदाचा आंबा हातचा गेला, पुढच्या मे महिन्याचंच धरून चाललोय. कुडाळ, सावंतवाडी, वेंगुर्ला भागात कुणी पाडलेल्या मांगराचे जुने नळे द्यायला तयार असेल तर सांगा, टेम्पो आम्ही आणू.